खेकड्याचं छत

फिटरने पाना फरशीवर आपटला आणि छताला एक सणसणीत शिवी हासडली. ती इथे लिहिण्यासारखी नाही, पण छताच्या सात पिढ्यांचा तिच्यात उद्धार झाला होता एवढं सांगायला हरकत नाही. प्लॅस्टिकच्या छताला पिढ्या नसतात हे त्या घटकेला त्याला कोण सांगणार? काल दुपारी त्याने सगळे नट मनगटाच्या शिरा फुगेपर्यंत आवळले होते, आणि आज सकाळी गाडी आवाराला एक फेरी मारून येते न येते तोच छत पुन्हा खडखडायला लागलं होतं. आठवडाभर हेच चाललं होतं.

“रात्रीतून कोणीतरी सैल करतंय,” तो म्हणाला.

पंपघराच्या दारात दात कोरत उभा असलेला पंपवाला हसला. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले आणि त्याच आवारात शेजारी शेजारी राहणारे, त्यामुळे एकमेकांचा अपमान करायला दोघांनाही कारण लागत नसे.

“मीच येतो ना,” पंपवाला म्हणाला. “घरातली सगळी झोपली की हळूच उठतो, तुझे नट सैल करतो आणि परत जाऊन पडतो. त्याशिवाय झोपच लागत नाही मला.”

“चेष्टा नको करूस. सोमवार तोंडावर आलाय.”

“मग नीट आवळ की.”

हे मात्र फिटरला झोंबलं. त्याला उंची कमी म्हणा, शिक्षण कमी म्हणा, डोकं कमी म्हणा, तो खांदे उडवून पुढे जाईल. पण नीट आवळ असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

पाणीपुरवठ्याच्या कामात त्याची उभी हयात गेली होती, आणि त्याचं सगळ्यांनी ठेवलेलं नावच मुळी अर्धाआटा होतं. त्याचं कारण असं, की पाइपाच्या जोडाचा नट पुरता बसला, पाना पुढे सरकेना, बाकीचे हात पुसायला लागले, की हा म्हणायचा, “थांबा, अजून अर्धा आटा.” आणि खरोखरच कुठून तरी अर्धा आटा काढायचा. त्याने जोडलेला जोड गळला असं कोणी ऐकलं नव्हतं. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकला, तो प्रत्येक जोडावर कोरडा कागद गुंडाळून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कागदावर ओलीचा ठिपका दिसला, की सगळं उघडून पहिल्यापासून जोडायला लावायचा. पाणी रात्रंदिवस फट शोधत असतं आणि तुम्ही झोपता, यावर मिस्त्रीचा भारी राग. त्या रागाने फिटरचा हात जो घडला तो कायमचा.

कामावर या गुणाचं कौतुक होतं, घरी जाच. साखरेची बरणी असो की औषधाची बाटली, याने झाकण लावलं की ते दुसऱ्या माणसाला उघडेल याची खात्री नाही. नळ तो असा बंद करी की उघडायला फडकं घ्यावं लागे. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली तेव्हा पहिल्याच फोनवर म्हणाली होती, “बाबा, इथे बरण्या उघडतात हो!” फिटरने त्यात बरण्यांचाच दोष काढला होता.

तर अशा माणसाला एक छत ऐकत नव्हतं.

छत होतं खेकड्याचं. खेकडा म्हणजे डोंगरवाटेवर चालणारी कामाची गाडी. पुढे दोघांपुरती बैठक, मागे सामान टाकायला बुटका हौदा, डोक्यावर जाड नळ्यांचा पिंजरा, आणि चारी बाजूंनी मोकळी हवा. तिची चाकं अशी फाकलेली होती की समोरून पाहणाऱ्याला ती तिरकी चालून अंगावर येते आहे असंच वाटे. गावाला पाणी देणारं शुद्धीकरण केंद्र टेकडीवर होतं, आणि तिथे जाणारा रस्ता अर्ध्यावर डांबर टाकून देऊन पुढे नुसता दगडगोट्यांचा झाला होता. साधी जीप तिथे उलटता उलटता वाचली, तेव्हापासून वर जायचं तर खेकड्यातूनच जायचं असं ठरून गेलं होतं.

आणि वर जायचं होतं फिटरच्या बायकोला.

ती वरच्या केंद्रात पाणी तपासायची. कामावर सगळे तिला लॅबवाल्या बाई म्हणत. दोघांची ओळखसुद्धा भांडणातून झालेली. फिटरने नवी लाइन टाकली आणि बाईंनी तिच्यातल्या पाण्याचा नमुना नापास केला. हा तणतणत टेकडी चढून गेला आणि म्हणाला, माझ्या पाइपात घाण निघूच शकत नाही, तुमच्या बाटल्याच धुतलेल्या नसतील. तिने त्याच्या देखत बाटल्या उकळल्या, त्याच्याच हाताने नमुना भरून घेतला आणि तोही नापास केला. पुढे यथावकाश लग्न झालं. पण दोष पाइपाचा की बाटलीचा हा वाद काही मिटला नाही, आणि जेवताना दुसरा विषय नसला की दोघंही तो आनंदाने काढत.

गेल्या वर्षी तिच्या गालांवर लाल चट्टे उठले. मग बोटांचे सांधे धरले, मग ताप, मग दवाखाना. पलंगाशेजारच्या लोखंडी खुर्चीत बसून फिटरने तिची मूठ मिटता मिटत नाही हे पाहिलं. आजाराचं नाव लांबलचक होतं. अंगातली ताकद अंगावरच उलटते आणि ऊन लागलं की जास्तच चवताळते, एवढं त्याच्या डोक्यात शिरलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “उन्हापासून जपायचं. अंगभर कपडे, डोक्यावर सावली, तोंडाला मलम. तेवढं सांभाळलं की कामावर जायला हरकत नाही.” फिटरने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं घट्ट धरलं आणि बाकीची दवाखान्यातच सोडून आला.

घरी आल्या आल्या त्याने खिडक्यांना जाड पडदे लावले. नुसते लावून त्याचं समाधान होईना, म्हणून पडद्यांच्या कडा खिळे मारून चौकटीला ठोकल्या. आवाराकडची एक खिडकी बायकोने भांडून उघडी ठेवून घेतली, आणि ती उत्तरेची असल्यामुळे तिथून ऊन येत नाही हे त्याने स्वतः दोन दिवस उभं राहून बघितल्यावरच. त्याला भीती वाटत होती. दवाखान्यात तो रात्रभर जागा होता तेव्हापासून वाटत होती, आणि त्या भीतीला काय करायचं हे कळत नसल्यामुळे तो खिळे ठोकत होता.

महिने गेले. अंगातला ताप गेला, बोटं हलायला लागली. तिच्या जागी मुख्य ऑफिसातून एक बदली माणूस वर येऊन बसला होता. साहेब बिचारे भले, त्यांनी जमेल तितका दम धरला, खेकड्यासाठी छतही त्यांनीच मागवून दिलं. पण शेवटी त्यांनी फिटरला बोलावून सांगितलं, “सोमवारी बाई वर हजर झाल्या तर जागा त्यांची. नाहीतर तो माणूस कायम होईल आणि बाईंना खाली आवक-जावकला बसावं लागेल. माझ्या हातात आता काही राहिलं नाही.”

आवक-जावकला बसायचं म्हणजे टपालावर शिक्के मारायचे. फिटरने हे घरी सांगितलं तेव्हा बायको उठली. तिने कपाटातून पांढरा कोट काढला, धुतला, इस्त्री केला आणि दारामागच्या खुंटीला अडकवून ठेवला.

छत म्हणजे एक मोठं काळं फळकूट होतं. जाड, गुळगुळीत, कडेला भोकं पाडलेलं. प्रत्येक भोकाखाली एक क्लॅम्प. क्लॅम्पने पिंजऱ्याच्या नळीला मिठी मारायची, बोल्ट भोकातून खाली उतरायचा, नट लावायचा, झालं. पोरखेळ. पहिल्या दिवशी फिटरने ते शिट्टी वाजवत बसवलं. मोठ्या पाइपाचं तोंड जोडताना करतात तसं आधी हा कोपरा, मग समोरचा, मग तो, मग त्याच्या समोरचा, असं थोडं थोडं करत शेवटी अर्धा आटा देऊन सगळं ठाम केलं. त्यावर हात आपटून पाहिला. भिंतीवर आपटल्यासारखं वाटलं.

दुपारी ते मधोमध टेंगूळ आल्यासारखं फुगलं. फिटरने टेंगूळ कोपराने दाबून खाली बसवलं आणि नट पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी छत वाजायला लागलं. त्याने आवळलं. दुपारी टेंगूळ. त्याने दाबून आवळलं. सकाळी खडखड. अशी ती कुस्ती चालली होती, आणि दर फेरीला छतच चीत करून जात होतं. तिसऱ्या चौथ्या दिवशी तर वाटेवरच्या पहिल्या खड्ड्यात एक कोपरा सुटून असा काही फडफडला की चालवणाऱ्याने डोकं धरून गाडी सोडली. फिटरने नट बदलले. वॉशर बदलले. छत बनवणाऱ्याला बदलता येत नव्हतं म्हणून त्याला शिव्या दिल्या.

आज शनिवार. पंपवाल्याच्या त्या “नीट आवळ की” ने त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तो पंपघरातून सगळ्यात लांब दांड्याचा पाना घेऊन आला. हा पाना माणसाच्या कमरेइतक्या जाड पाइपांसाठी असतो. छतासाठी तो काढणं म्हणजे ढेकूण मारायला कुऱ्हाड काढण्यापैकी, पण फिटर आता कोणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

ऊन चढलं होतं. काळं छत हाताला चटके देत होतं. त्याने फडकं गुंडाळून टेंगूळ दाबलं, पाना लावला, पाय चाकावर रोवला आणि सगळ्या अंगाचा भार दिला.

कट्ट.

आवाज लहानच होता, वाळकी काडी मोडावी तेवढा. फिटरला वाटलं क्लॅम्प तुटला. क्लॅम्प धडधाकट होता. भोकापासून आतल्या बाजूला छतावर एक पांढरी रेघ उमटली होती.

“काय झालं?” खिडकीतून बायकोने विचारलं.

“काही नाही.”

“आवाज आला ना.”

“काही नाही म्हटलं ना!”

“चिरलं का?”

“चिरलं!” फिटर गरकन वळला. “हो, चिरलं! झालं समाधान? सकाळपासून खिडकीत बसून तेच बघत होतीस ना? आणि नाही बसलं छत तर कुठे आभाळ कोसळतंय? खाली बसून शिक्के मारलेस तर काय कमीपणा येतो तुला? पंखा आहे, सावली आहे, चार माणसं बोलायला आहेत. वर काय एवढं ठेवलंय? त्या बाटल्या?”

पंपवाला आत गेला आणि त्याने पंपघराचं दार ओढून घेतलं. त्या माणसाने आपणहून असं दार ओढून घेतल्याचं आवारात कोणाला आठवत नव्हतं.

बायको म्हणाली, “म्हणजे तुम्हाला ते बसायलाच नकोय.”

“काहीतरी बोलू नकोस! आठवडाभर इथे उन्हात मरतोय तो काय हौस म्हणून?”

“मरताय खरे,” ती म्हणाली आणि खिडकीतून बाजूला झाली.

फिटरला तिच्यामागून ओरडून पुष्कळ सांगायचं होतं. त्याने तोंडही उघडलं. पण तिचं म्हणणं अर्धं तरी खरं होतं, आणि ही गोष्ट तिच्यासारखीच त्यालाही आत्ताच कळली होती. छत वाजलं की त्याला संताप यायचा आणि संतापाच्या तळाशी कुठेतरी हायसं वाटायचं. अजून बसलं नाही म्हणजे अजून ती घरात आहे. स्वतःची एवढी शरम त्याला याआधी वाटली नव्हती. त्याने पाना उचलला आणि उगाचच पुसत बसला.

दुपारचं जेवण झालं. नंतर बायकोने चहा टाकला आणि साखरेची बरणी घेतली. झाकण फिरेना. तिने पदराने धरून फिरवलं, ओट्यावर आपटलं, चमच्याची कड घालून पाहिली. फिटरने हात पुढे केला. तिने बरणी परत फळीवर ठेवली आणि बिनसाखरेचा चहा दोन कपांत ओतला. एक त्याच्यापुढे सरकवला. फिटर तो कडू चहा निमूटपणे प्यायला.

“एक सांगू?” कप विसळता विसळता ती म्हणाली. “ऐकायचं असेल तर.”

“सांग.”

“रात्री कोणी येत नाही आणि काही नाही. ते छत सकाळी गार असतं तेव्हा सपाट असतं. ऊन वर आलं की पोट काढतं. संध्याकाळ झाली की परत सपाट. रोज. तापलं की ते वाढतं, आणि तुम्ही त्याला वाढायला जागाच ठेवत नाही. मग ते बिचारं वर फुगतं. तुम्ही ते तसंच दाबून आवळता. रात्री गार होऊन आखडलं की सगळं ढिलं. तुमचा पाइप जमिनीत गारव्याला असतो हो. त्याला नाही ऊन लागत.”

फिटर बघत राहिला. “तुला कसं कळलं हे?”

“दिवसभर त्या खिडकीत असते मी,” ती म्हणाली. “दुसरं काय आहे मला बघायला?”

तिने हे काही टोमणा मारायला म्हटलं नव्हतं. कप पालथा घालता घालता सहज म्हटलं होतं, आणि म्हणूनच फिटरला ते फार लागलं. लागलं की त्याला राग यायचा, ही त्याची जुनी खोड.

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तू तुझ्या बाटल्या बघ.”

तो असं म्हणाला होता. त्याला आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी त्याने छत सगळंच्या सगळं उतरवलं. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती तिथेच थांबते. वरून खालून पत्र्याचा तुकडा लावून ती जागा शिवून टाकली. मग त्याने छताची सगळी भोकं ड्रिलने मोठी केली. नेमक्या मापाचं भोक मुद्दाम मोठं करायचं, हे पाप त्याने आयुष्यात केलं नव्हतं. म्हातारा मिस्त्री असता तर त्याने हातच कलम केले असते. जुनी ट्यूब कापून रबराच्या चकत्या काढल्या, प्रत्येक बोल्टला वर एक खाली एक घातल्या आणि छत पुन्हा पिंजऱ्यावर चढवलं.

एका बाजूने पंपवाला धरायला होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

“रात्री तू येत नव्हतास म्हणे,” फिटर त्याच्याकडे न बघता म्हणाला.

“नव्हतो खरा. पण आता एवढा बोभाटा केलायस तर यावं म्हणतो.”

एवढ्यावर ती माफी मागून झाली आणि देऊनही झाली.

नट लावायची वेळ आली. फिटरने पहिला नट रबर किंचित दबेपर्यंत आणला. इथे थांबायचं होतं. त्याचा हात थांबेना. पाना आपोआप पुढे गेला आणि रबर पुरतं चपटं झालं.

“मागे घे,” पंपवाला म्हणाला.

“घेतोय.”

“कुठे घेतोयस? उलटा पुढेच चाललायस.”

फिटरने पाना उलटा फिरवला. बोल्ट किंचित हलला. इतकी वर्षं जो हलका धक्का बोटांना लागला की तो सगळं उघडून पहिल्यापासून जोडायचा, तोच धक्का आज त्याला मुद्दाम ठेवून द्यायचा होता. पहिल्या नटावर दुसरा नट चढवून त्याने दोघांना एकमेकांत जखडलं, म्हणजे बोल्ट सुटणार नाही पण छताला श्वास घेता येईल. जखडताना मात्र त्याने जीव खाऊन जोर लावला. तेवढी मुभा त्याने स्वतःला दिली.

“अर्धाआटा, तू अर्धा आटा मागे घेतलास,” पंपवाला म्हणाला. “मी हे कोणाला सांगणार नाही. सांगितलं तरी कोणी विश्वास ठेवायचं नाही.”

दुपार झाली. छत तापलं. फिटर सावलीत बसून त्याच्याकडे खाऊ की गिळू असा बघत होता. टेंगूळ आलं नाही. संध्याकाळी त्याने एकट्याने खेकडा काढला आणि दगडगोट्यांवरून मुद्दाम आडवातिडवा हाणला. छत वाजलं नाही. त्याने एका खड्ड्यातून गाडी परत एकदा नेली, आणखी एकदा नेली. छत गप्प. एवढं गप्प की त्याला ते आता खिजवतंय असं वाटायला लागलं.

“बसलं,” तो घरात येऊन म्हणाला.

“बरं झालं,” बायको म्हणाली.

सोमवारी सकाळी ती बाहेर आली तेव्हा पंपवाल्याने तिला कडक सलाम ठोकला. पांढरा कोट, आत मनगटापर्यंत बाह्या, हातमोजे, मानेभोवती ओढणी, वर रुंद काठाची टोपी, आणि तोंडाला मलमाचा इतका जाड थर की घराला चुना काढल्यासारखा दिसावा. “बाई, ओळखलं नाही मी,” तो म्हणाला. “मीही नाही ओळखलं आरशात,” ती म्हणाली आणि खेकड्यात चढून बसली. चढताना तिचा गुडघा अडला. फिटरने आधार द्यायला हात पुढे केला, तोवर ती बसलीही होती.

गाडी चालवणाऱ्याला आजचा दिवस बाजूला सारून फिटर स्वतः चालवायला बसला होता. आवाराची भिंत, मग झाडांची रांग, मग डांबर संपलं. खेकडा दगडांवरून उसळायला लागला. फिटरचे कान वर लागले होते. खडखड नाही, कुरकुर नाही. त्याला आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती समोर बघत होती आणि उसळणाऱ्या गाडीत टोपी एका हाताने दाबून बसली होती.

वळण घेऊन खेकडा टेकडीच्या पलीकडच्या अंगाला आला, आणि तिच्या बाजूने ऊन आत घुसलं.

सूर्य नुकताच वर आला होता. तो छताच्या कितीतरी खाली होता. ऊन छताच्या वाटेला न जाता त्याच्याखालून सरळ आडवं आलं आणि तिच्या मांडीवर, कोटावर, गळ्याशी पसरलं.

फिटरने करकचून ब्रेक मारला.

तो छताकडे बघत राहिला, मग उन्हाकडे, मग परत छताकडे. आठवडाभर तो ज्याच्यासाठी राबला, ते दुपारचं, डोक्यावरचं ऊन होतं. त्याच्याशी तो भांडला, हाताला चटके घेतले, बायकोला नको ते बोलला. आणि तिला वर जायचं होतं सकाळी. सकाळी ऊन डोक्यावर नसतं हे लहान पोराला माहीत असतं. गावातल्या कुत्र्याला माहीत असतं, ते सावली बघून बसतं. त्याला स्वतःचं डोकं त्या पिंजऱ्यावर आपटून घ्यावंसं वाटलं.

“परत फिरू,” तो म्हणाला.

“का?”

“का म्हणजे? ऊन येतंय तुझ्यावर!”

“दिसतंय मला.”

“मग? हे छत—”

“छत छान बसलंय,” ती म्हणाली. “एवढ्या दगडांतून आलो, आवाजसुद्धा नाही.”

फिटरच्या डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. “तुला माहीत होतं.”

“सकाळचं ऊन या बाजूने येतं हे मला माहीत नसेल? इतकी वर्षं याच रस्त्याने जातेय.”

“मग बोलली का नाहीस?” त्याचा आवाज चढला. “मी इथे येड्यासारखा आठवडाभर... एका शब्दाने बोलली नाहीस!”

“बोलले असते तर तुम्ही याला भिंती बांधल्या असत्या,” ती म्हणाली. “आणि त्या बांधून होईपर्यंत सोमवार निघून गेला असता.”

फिटर मनातल्या मनात आत्ताच भिंतींचं माप घेत होता. या नळीपासून त्या नळीपर्यंत जाड कापड, खाली पट्टी, कडेला बोल्ट.

“संध्याकाळी उतरताना हे अंग टेकडीच्या सावलीत असेल,” ती म्हणाली. “दुपारी खाली यावं लागलं तर छत आहेच. आणि हे सगळं अंगावर घातलंय ते कशासाठी? चला.”

त्याने गाडी पुढे काढली. पण एका हातानेच. दुसरा हात त्याने तिच्यासमोरून आडवा नेला, पंजा पसरला, आणि तिच्या गळ्यावरचं ऊन अडवलं. पंजाएवढी सावली तिच्यावर पडली. गाडी उसळली की सावली हलायची, कधी हनुवटीवर जायची, कधी खांद्यावर, आणि तो हात पुन्हा नीट धरायचा. खेकडा एका गोट्यावर चढला आणि दरीच्या बाजूला फेकला गेला. त्याने एका हाताने कसाबसा आवरला.

“हात काढा,” ती म्हणाली.

“राहू दे.”

“अहो, हात काढा.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मलमाच्या पांढऱ्या थरातून तिचे डोळे तेवढे दिसत होते. ते रागावलेले नव्हते. पाणी भरलेले होते, आणि ती ते लपवतही नव्हती.

“मला भीती वाटते गं,” फिटर म्हणाला.

“मलाही वाटते,” ती म्हणाली. “दोन्ही हातांनी गाडी धरा.”

त्याने हात काढला. ऊन पुन्हा तिच्या गळ्याशी आलं. तिने ओढणी वर ओढून घेतली आणि वरच्या फाटकाकडे बघत राहिली. फिटरने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि खेकडा चढावर घातला.